फळांच्या पाटीपासून योजना आयोगापर्यंत : धनंजयराव गाडगीळांचा एकच प्रश्न



पेटची तयारी करणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : "विषय कुठला घेऊ?" त्याच्या मागोमाग एक भीतीही येते. विषय गावातला, बाजारातला, साधासुधा असेल तर आरआरसीसमोर तो टिकेल का? आजची पोस्ट या भीतीवर आहे, पण मी ती सल्ल्याच्या रूपात लिहिणार नाही. त्याऐवजी एका मराठी प्राध्यापकाची गोष्ट सांगतो. त्यांनी १९३३ मध्ये पुण्यात फळं कशी विकली जातात यावर पुस्तक काढलं आणि १९६९ मध्ये देशातल्या राज्यांना केंद्राचा पैसा कसा वाटायचा याचं सूत्र दिलं. ते म्हणजे धनंजय रामचंद्र गाडगीळ.

गाडगीळ अर्थशास्त्राचे. "मार्केटिंगचे प्राध्यापक" अशी पाटी त्यांच्या दारावर कधी नव्हती, आणि त्या काळात आपल्याकडे हा वेगळा विषय म्हणून रुळलेलाही नव्हता. पण आज कॉलेजात मार्केटिंग शिकवणारे "वितरण साखळी" म्हणून जे शिकवतात, ते काम गाडगीळ बाजारात उतरून करत होते. म्हणून आधी हा विषय आला कुठून, ते थोडक्यात बघू.

मार्केटिंग शेतमालातून जन्मलं

आज मार्केटिंग म्हटलं की जाहिरात, ब्रँड, मोबाईलवरच्या ऑफर असं डोळ्यासमोर येतं. विषयाचा जन्म मात्र तिथला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतल्या विद्यापीठांत या नावाचे पहिले अभ्यासक्रम सुरू झाले, तेव्हा लोकांच्या तोंडी एक मोठा प्रश्न होता : शेतकऱ्याला मिळणारा भाव आणि शहरातल्या गिऱ्हाइकाने मोजलेला भाव यांत एवढा फरक का?

मिनेसोटा विद्यापीठातल्या एल. डी. एच. वेल्ड या प्राध्यापकांनी यावर एक साधी गोष्ट केली. लोणी, अंडी असा माल त्यांनी खेड्यातल्या खरेदीदारापासून घाऊक व्यापारी, किरकोळ दुकानदार करत थेट शहरातल्या गिऱ्हाइकापर्यंत टप्प्याटप्प्याने मागावर राहून तपासला. शेतमालाच्या विक्रीवरचं त्यांचं पुस्तक १९१६ साली आलं आणि विषयाच्या सुरुवातीच्या पुस्तकांत ते आजही मोजलं जातं. मालाच्या मागे मागे जाणं, ही या शास्त्राची पहिली पद्धत.

आपल्याकडेही जमीन तयार होत होती. मुंबईत १९१३ मध्ये सिडनहॅम कॉलेज सुरू झालं आणि वाणिज्य हा पदवीचा विषय बनला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात हॅरॉल्ड मान होते. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं, कारण मान मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ मध्ये अभ्यास छापला. १७७१ मध्ये तिथलं सरासरी खातं ४० एकरांचं होतं, ते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आलं, हे त्यांनी नोंदींवरून दाखवलं. प्रयोगशाळेतल्या माणसाने गावाची मोजणी केली, ती अशी.

नाशिक, नागपूर, केंब्रिज, सुरत

गाडगीळांचा जन्म १० एप्रिल १९०१ चा, नाशिकचा. शाळेची वर्षं नागपुरात गेली. पुढे ते केंब्रिजला गेले. तिथे एम.लिट.साठी लिहिलेला प्रबंध १९२४ मध्ये पुस्तकरूपाने आला. भारताच्या अलीकडच्या काळातल्या औद्योगिक उत्क्रांतीवरचं हे पुस्तक पुढे कित्येक दशकं अभ्यासक्रमात राहिलं. तेव्हा त्यांचं वय होतं २३, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा कमी!

परत आल्यावर थोडा काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात नोकरी झाली आणि १९२५ मध्ये ते सुरतच्या एम.टी.बी. कॉलेजचे प्राचार्य झाले. पाच वर्षं तिथे काढली. तिथेच राहिले असते तर एक नावाजलेले प्राचार्य म्हणून निवृत्त झाले असते. पण १९३० मध्ये रावबहादूर आर. आर. काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. वय २९. त्या खुर्चीवर ते १९६६ पर्यंत राहिले.

फळबाजार हा संशोधनाचा विषय?

नवी संस्था, हाती मोजका पैसा, मोजकी माणसं. अशा वेळी संचालक काय हाती घेईल? चलन, व्यापारी धोरण, साम्राज्याचे प्रश्न. गाडगीळांनी तेही केलं. साम्राज्यांतर्गत सवलतीच्या जकातींवर त्यांचं पुस्तक १९३२ मध्ये आलं. पण लगेच पुढच्या वर्षी, १९३३ मध्ये, त्यांनी व्ही. आर. गाडगीळ यांच्यासोबत "पुण्यातील फळांची विक्री" या विषयावरची पाहणी प्रसिद्ध केली.

ही निवड किती वेगळी होती हे कळायला त्या वेळचा बाजार बघावा लागेल. शेतकी विषयाच्या शाही आयोगाने १९२८ मध्ये नियंत्रित बाजारांची शिफारस केली होती. वऱ्हाडात कापसाच्या आणि धान्याच्या बाजारांचा कायदा १८९७ पासून होता. मुंबई इलाख्यात १९२७ चा कायदा होता, पण तो फक्त कापसापुरता. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, तिथला बाजार कायदा १९३० चा. मुंबई इलाख्यात सगळ्या शेतमालाला लागू होईल असा कायदा यायला १९३९ उजाडलं. केंद्र सरकारचं शेतमाल विक्रीचं स्वतंत्र कार्यालयसुद्धा १९३५ चं. म्हणजे सरकारने हा प्रश्न देशपातळीवर हातात घ्यायच्या आधी पुण्यातली एक छोटी संस्था फळांच्या पाट्यांमागे लागली होती.

फळच का? फळ नाशवंत असतं. ज्वारी पेवात ठेवता येते, कापूस थांबवता येतो, पण पिकलेला आंबा किंवा अंजीर थांबत नाही. नाशवंत माल असला की घासाघीस करायची शेतकऱ्याची ताकद सगळ्यात कमी होते. त्यात त्या काळी अनेक बाजारांत भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा आणि मालाचा धनी शेजारी उभा असूनही त्याला तो कळायचा नाही. बाजार कुणाच्या बाजूने झुकलेला आहे हे बघायचं तर नाशवंत मालाइतकी चांगली जागा दुसरी नाही.

एका पाटीचे शंभर रुपये

इथे थोडं थांबून पद्धत समजून घेऊ, कारण शोधनिबंध वाचताना हीच गोष्ट अडते. समजा गिऱ्हाइकाने एका पाटीला १०० रुपये दिले. (हे आकडे काल्पनिक, फक्त समजण्यापुरते.) त्यातले शेतकऱ्याच्या हातात ४२, गाडीभाडं १०, अडत-हमाली-तोलाई ८, घाऊक व्यापाऱ्याचे १०, नासलेल्या मालाचे १० आणि किरकोळ विक्रेत्याचे २०. शेतकऱ्याचा वाटा ४२ टक्के.

आता सोपा निष्कर्ष असा : "५८ टक्के दलालांनी खाल्ले." तो चूक आहे. गाडीभाडं आणि नासाडी हा खर्च आहे, कुणाचा नफा नाही. किरकोळवाल्याच्या २० मध्ये त्याची दिवसभराची मजुरीही आहे. पण "सगळा खर्चच आहे, शोषण कुठे?" हेही तितकंच चूक. नासाडी कुणाच्या माथी मारली, अडत एकाकडून घेतली की दोघांकडून, वजनात किती कापलं, उचल घेतलेल्या शेतकऱ्याला तोच आडत्या धरावा लागला का, हे सगळं आकड्याच्या मागे दडलेलं असतं. आकडा फक्त दार दाखवतो, आत आपल्याला शिरावं लागतं.

मोजायच्या वाटा दोन. एक वेल्डची : एकच माल शेवटपर्यंत पाठलाग करून तपासायचा. माहिती अचूक मिळते, पण वेळ फार जातो आणि मोजकेच नमुने होतात. दुसरी : एकाच दिवशीचे शेतावरचे, घाऊक आणि किरकोळ भाव घेऊन फरक काढायचा. काम लवकर होतं, पण आज बाजारात असलेला माल शेतातून चार दिवसांपूर्वी निघालेला असतो. मधल्या काळात भाव हलला तर आपला फरक खोटा ठरतो. मी विज्ञानाचा विद्यार्थी म्हणून म्हणेन, हा मोजमापाच्या चुकीचाच प्रश्न आहे. उपकरण बदललं, विचार तोच.

पाहणीमागून पाहणी

पुढची यादी बघा. १९३५ : मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतली मोटार बस वाहतूक, सोबत एल. व्ही. गोगटे. १९४० : वाई तालुक्यातल्या शेतीचा व्यवसाय म्हणून हिशोब. १९४५ आणि १९५२ : पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी, दोन भागांत. १९४८ : गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचे परिणाम.

वरवर बघता एका विषयाचा दुसऱ्याशी संबंध नाही. कुठे बस, कुठे वाई! पण मला यात एक धागा दिसतो. माल आणि माणूस हलतो कसा, शेत चालवायला लागतं काय, शहरात आलेल्याला मिळतं काय, पाणी आलं की फायदा जातो कुणाकडे. प्रत्येक ठिकाणी प्रश्न वाट्याचा आहे.

पुण्याच्या पाहणीत आणखी एक धडा आहे. तिची मूळ माहिती १९३६-३७ ची. संस्थेतल्या एन. व्ही. सोवनी, डी. पी. आपटे आणि आर. जी. पेंडसे यांनी त्याच शहराची फेरपाहणी केली आणि ती १९५६ मध्ये छापली. म्हणजे पहिली पाहणी दुसऱ्याला पुन्हा करता येईल इतक्या नेटकेपणाने मांडलेली होती. प्रयोग पुन्हा करता आला पाहिजे असं आपण विज्ञानात म्हणतो, तेच त्यांनी शहराच्या बाबतीत करून दाखवलं. तुमच्या प्रबंधातली प्रश्नावली आणि गाव निवडायची रीत कुणी वीस वर्षांनी उचलू शकेल का? एकदा स्वतःला विचारून बघा.

कालव्याच्या पाहणीतून कारखान्याकडे

कालव्यांच्या अभ्यासात गाडगीळांनी थेट फायद्यासोबत आडून होणारे फायदेही मोजले. शेतकऱ्याचं उत्पन्न तर वाढतंच, पण मजुरी, व्यापार, वाहतूक, सरकारचा महसूल यांचं काय होतं? धरणाला "परवडतं का" हे फक्त पाणीपट्टीवरून ठरवू नये, असा त्याचा अर्थ होता. धरणांच्या जमाखर्चाचा विचार आपल्याकडे रुजवणारा हा अभ्यास.

आणि मग जे झालं ते संशोधकांच्या आयुष्यात सहसा होत नाही. ज्या प्रवरा कालव्याखालच्या भागाची पाहणी केली, त्याच भागात लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांना जमवून स्वतःचा साखर कारखाना काढायच्या खटपटीत होते. तोवर ऊसवाल्याची गत फळवाल्यासारखीच. ऊस तोडला की थांबत नाही, गूळ करून व्यापाऱ्याच्या दारात जा नाहीतर खासगी कारखाना देईल तो भाव घ्या. गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले, मुंबई सरकारात वैकुंठभाई मेहतांची मदत मिळाली, आणि १९५०-५१ च्या हंगामात महाराष्ट्रातल्या या पहिल्या सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं. पहिले अध्यक्ष होते प्रा. गाडगीळ.

केंब्रिजचा प्राध्यापक आणि फारसं न शिकलेला शेतकरी पुढारी ही जोडी गौरवग्रंथांत खूप रंगवली जाते. मला त्यातला विचार जास्त महत्त्वाचा वाटतो. फळबाजारात शेतकऱ्याचा वाटा कमी का, तर मालावरची त्याची मालकी शेताच्या बांधावर संपते. प्रक्रिया करणारं यंत्रच त्याच्या मालकीचं केलं तर वाट्याचं गणित बदलतं. पाहणीने निदान दिलं, कारखाना हा त्यावरचा प्रयोग.

३.१ टक्के

यानंतर रिझर्व्ह बँकेने ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी करवली. समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला, सदस्यांत गाडगीळ. ७५ जिल्हे, ६०० गावं. १९५४ च्या अहवालातला एक आकडा आजही परीक्षेत विचारतात : शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा फक्त ३.१ टक्के. सरकारचा ३.३. आणि व्यवसायाने सावकारी करणारे व शेती करता करता सावकारी करणारे मिळून जवळपास ७० टक्के.

आकडा पाठ असतो, त्यावरचा उपाय मात्र विसरला जातो. समितीने नुसतं "कर्ज वाढवा" असं म्हटलं नाही. कर्ज, विक्री, प्रक्रिया आणि साठवण यांची एकत्र बांधणी करा, असं म्हटलं. शेतकरी सावकाराकडे अडकतो, कारण तोच सावकार त्याचा मालही घेतो. फक्त कर्ज सोडवून भागत नाही, विक्रीही सोडवावी लागते. मार्केटिंगचा प्रश्न पतपुरवठ्याच्या पोटात आहे, हे इतक्या ठळकपणे मांडणारा हा अहवाल. १९५५ ची स्टेट बँक, १९५७ चं केंद्रीय वखार महामंडळ, ही त्याचीच पुढची पावलं.

शेवटी दिल्ली

१९६६ मध्ये संचालकपद सोडल्यावर गाडगीळ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९६७ मध्ये योजना आयोगाचे उपाध्यक्ष. चौथ्या योजनेसाठी ठरलेलं गाडगीळ सूत्र तुम्ही वाचलेलं असेल : राज्यांच्या मदतीपैकी ६० टक्के लोकसंख्येवर, आणि दरडोई उत्पन्नातला मागासपणा, करवसुलीचा प्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे-वीज प्रकल्प, खास अडचणी यांना प्रत्येकी १० टक्के. त्याआधी वाटप बरंचसं प्रकल्पवार आणि दिल्लीच्या मर्जीवर चालायचं. सूत्र आल्यावर नियम सगळ्यांना आधी कळू लागला. रुमालाखालचा भाव आणि उघडा लिलाव यांतला जो फरक, तोच इथेही दिसतो. १९६९ मध्येच त्यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने बँकांसाठी क्षेत्रनिहाय जबाबदारीची कल्पना मांडली. आज प्रत्येक जिल्ह्यात जी अग्रणी बँक असते, तिचं मूळ तिथे आहे. ३ मे १९७१ रोजी त्यांचं निधन झालं.

पण सगळं बरोबर होतं का?

नाही, आणि संशोधकाचं चरित्र आरतीसारखं वाचू नये. सहकाराची ती बांधणी फुलली ती पाणी आणि नगदी पीक असलेल्या पट्ट्यात. कोरडवाहू मराठवाड्याच्या वाट्याला ती उशिरा आणि विस्कळीत आली. कापसासाठी राज्याने १९७२-७३ पासून एकाधिकार खरेदी योजना आणली, पण ती सरकारी खरेदी होती, शेतकऱ्याच्या मालकीचं यंत्र नव्हे. शिवाय कारखान्याचा सभासद मालक झाला, पण ऊस तोडणारा कोण? बीड-परभणीकडून दर हंगामात जाणारी जोडपी. शंभर रुपयांच्या त्या पाटीत त्यांचा वाटा कुठे लिहायचा, हा प्रश्न अजून उघडा आहे.

गंमत म्हणजे या असमतोलाची मोजणी केली तीही गाडगीळांच्याच संस्थेत घडलेल्या माणसाने. संख्याशास्त्राकडून आलेले वि. म. दांडेकर गाडगीळांनंतर संचालक झाले. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९८४ मध्ये विभागवार अनुशेषाचा हिशोब मांडला. मराठवाड्याचा अनुशेष हा भाषणातला शब्द होता, त्याला आकडा मिळाला. चांगली संस्था अशी असते : आधीच्यांचं उणं दाखवणारे लोक तीच तयार करते.

मग आपण काय घ्यायचं?

मोठा विषय शोधू नका, धरून ठेवता येईल असा प्रश्न शोधा. गाडगीळांचे विषय बदलत गेले, प्रश्न चाळीस वर्षं तोच राहिला.

आमच्या पिंगळीचंच घ्या. परभणी-पूर्णा रेल्वेमार्गावरचं छोटं स्टेशन, शिवारात कापूस, सोयाबीन, तूर. इथल्या शेतकऱ्यासमोर काढणीनंतर दोन वाटा असतात : गावातच खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर माल घालायचा, नाहीतर टेम्पो करून परभणीच्या मोंढ्यात न्यायचा. मोंढ्यात भाव जास्त, मग गावात का विकतात? टेम्पोभाडं? ओलाव्याची कटती? पट्टी हातात पडायला लागणारे दिवस? की पेरणीला घेतलेली उचल? यातलं प्रत्येक कारण मोजता येतं. दहा क्विंटलवाला आणि पन्नास क्विंटलवाला यांची उत्तरं वेगळी येतात का, हेही तपासता येतं. मोबाईलवर रोज भाव दिसत असताना रुमाल खरंच निघाला का, हा तर पूर्ण प्रबंधाचा विषय आहे.

आराखडा लिहिताना एवढं करून बघा. पहिल्या पानावर प्रश्न एका वाक्यात लिहा. खाली लिहा की उत्तर शोधायला तुम्ही कुणाच्या मागे, कुठून कुठपर्यंत जाणार आहात. ती वाट सांगता आली तर विषय पिंगळीचा आहे की पॅरिसचा, हे आरआरसीसमोर कुणी विचारलं तरी घाबरायचं कारण नाही.